डॉक्सी की मेफ्लोक्वीन? एकट्याने युगांडाला निघताना

पिवळ्या तापाच्या लशीत निवडीला वावच नाही. युगांडात शिरायला लस घेतल्याचं ते पिवळं कार्ड लागतं, निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावं लागतं, आणि परतताना ते जवळ नसेल तर आपल्याच सरकारच्या नियमाने सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. विषय संपला. डोकं खाते ती मलेरिया होऊ नये म्हणून घ्यायची गोळी.

"ठाण्यात काय डास कमी आहेत?" आई म्हणाली. तिचंही चूक नाही. खाडीकाठी वाढलेल्या माणसाला मलेरिया म्हणजे घरचाच वाटतो. पण ठाण्या-मुंबईकडे बहुतेकदा होतो तो व्हायवॅक्स जातीचा. तिकडे जवळजवळ सगळा फाल्सिपेरम, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा, आणि क्लोरोक्वीन या मलेरियाच्या जुन्या गोळीला तो सहसा दाद देत नाही.

मी डॉक्टर नाही, हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करतो. गेल्या वर्षी पाच आठवडे तिथल्या एका छोट्या हॉस्पिटलात बिनपगारी काम करून आलो. त्यामुळे पुढचं सगळं एका माणसाच्या एका शरीराचा अनुभव म्हणून वाचा. गोळी ठरवायची ती तुमच्या डॉक्टरांनीच.

कागदावर मेफ्लोक्वीन सरळ जिंकते. आठवड्याला एक गोळी, तीही जेवणानंतर. जाण्याआधी दोन-तीन आठवडे सुरू करायची आणि परतल्यावर चार आठवडे चालू ठेवायची. माझ्या हिशेबाने अकरा-बारा गोळ्यांत काम झालं असतं. डॉक्सीसायक्लिन मात्र रोज, निघण्याच्या दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. म्हणजे पासष्ट कॅप्सूल, सात स्ट्रिपा. एकट्या माणसाला रोज आठवण करणारं कोणी नसतं, म्हणून मी आठवड्याचीच घेतली. पहिल्या गोळीने काही झालं नाही.

दुसरी रविवारी रात्री घेतली. सोमवारी सकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर, नेहमीच्या गर्दीत, पायरी उतरताना पायरीच पुढे सरकल्यासारखी झाली. घेरी म्हणावी तर डोळ्यांपुढे अंधारी नव्हती. नुसता तोल. कठडा धरला, मागून दोन धक्के आणि एक शिवी खाल्ली. कामावर गेलो तर सोल्डरिंगची तार पॅडवर टेकेना, हात ठीक होता पण नजर किंचित वाहत होती. झोपेत विचित्र स्वप्नं पडतात असं या गोळीबद्दल सगळे सांगतात, मला एकही पडलं नाही. तोलाबद्दल कोणी सावध केलं नव्हतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2013 मध्ये या गोळीवर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला, त्यात चक्कर आणि तोल जाणं स्पष्ट लिहिलेलं आहे, हे मी नंतर वाचलं. नैराश्य, तीव्र चिंता किंवा फिट येण्याचा इतिहास असेल तर ही गोळी घ्यायचीच नसते. विमान चालवणं किंवा पाण्याखाली बुडी मारणं अशी, तोल सांभाळायची कामं करणाऱ्यांनाही ती सहसा देत नाहीत.

तरी तेवढ्याने मी हटलो नसतो. हटलो ते डॉक्टरांच्या एका वाक्याने. "बंद करू या," ते म्हणाले, "पण अंगातून जायला वेळ लागेल." मेफ्लोक्वीन शरीरात निम्मी व्हायलाच दोन-तीन आठवडे घेते. आठवड्याला एक पुरते ती त्याचमुळे, आणि पिच्छा सोडत नाही तीही त्याचमुळे. नको असलेला पाहुणा निरोप देऊनही पंधरा दिवस सोफ्यावर बसून राहावा, तसं. ठाण्यात ठीक होतं, घरी माणसं होती. तिकडे जनरेटरच्या खोलीत एकटाच उभा असताना ते झालं असतं तर? त्या गोळीने विमानतळापर्यंत मला थोडं थोडं डोलवत नेलं.

मग डॉक्सीवर आलो. ती आपल्या ओळखीची. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालून आलं की लेप्टोस्पायरोसिसचा ताप येऊ नये म्हणून दवाखान्यातून मिळते तीच. बंद केली की चार-पाच दिवसांत अंगातून बाहेर, हाच तिचा मोठा गुण. आता तिचा त्रासही सांगतो. पहिल्या आठवड्यात एका रात्री लाइट गेली होती, अंधारात कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर गिळली आणि तसाच मच्छरदाणीत शिरलो. ती अन्ननलिकेत चिकटली असावी. पुढचे तीन दिवस भाताचा घासही छातीत निखाऱ्यासारखा उतरायचा. मग शहाणा झालो: जेवणानंतर, पेलाभर पाणी, आणि नंतर अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही. लोह, कॅल्शियम किंवा अँटासिडची गोळी घेत असाल तर तिच्यापासून लांब ठेवायची. ऊनही जास्त लागतं. विषुववृत्त त्याच देशातून जातं आणि मी टोपी हॉटेलवर विसरणारा माणूस, त्यामुळे मानेची कातडी निघाली. गरोदर बाया आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती चालत नाही.

न्याय म्हणून सांगतो, आपल्याकडची सरकारी मार्गदर्शिका साधारण सहा आठवड्यांपर्यंतच्या मुक्कामाला डॉक्सी आणि त्याहून लांब मुक्कामाला मेफ्लोक्वीन सुचवते. सहा महिने जाणाऱ्याने माझं ऐकू नये असंही कोणी म्हणेल. मेफ्लोक्वीनवर वर्ष काढलेली आणि काहीही न झालेली माणसंही असतात. घ्यायचीच असेल तर तीन आठवडे आधी घरी सुरू करा, काय होणार ते घरीच होऊ द्या. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल नावाची तिसरी गोळी आहे, परतल्यावर सातच दिवस घ्यावी लागते. महाग असते, आणि मी ठाण्यातल्या नौपाड्यात तीन दुकानं फिरलो, एकाकडेही नव्हती.

कुठलीही घेतली तरी मच्छरदाणी सुटत नाही, कारण हा डास रात्री चावतो. तिथे मुलांच्या वॉर्डात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचे धुळीने चोंदलेले फिल्टर साफ करताना शेजारच्या खाटेवर रक्त चढत असलेलं पोर दिसायचं. मलेरियाने त्याचं रक्त आटलेलं होतं. त्यानंतर मी एकही दिवस कॅप्सूल चुकवली नाही.

खरी परीक्षा परतल्यावर. घरच्या पंख्याखाली बसून अजून अठ्ठावीस दिवस तेच औषध गिळायचं, हे दहाव्या दिवशी अगदी बावळटपणाचं वाटतं. आईने ती स्ट्रिप लोणच्याच्या बरणीवर ठेवून दिली होती. रोज जेवताना बरणी काढायची तर ती आधी हातात यायची.