७० मिमीची दुर्बीण, नाशिकच्या गच्चीवरून: बॉक्सवरच्या ५२५ पटीच्या नादी लागू नका

दिवाळीत घेतली, लेन्स ७० मिमी, फोकल लेंथ (लेन्सपासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) ७०० मिमी. तेव्हापासून इंदिरानगरच्या गच्चीवरून आकाश मोकळं असलं की बघतोच, म्हणून आता लिहितोय.

बॉक्सवर मोठ्या अक्षरात ५२५ पट छापलंय. ते कसं येतं तर ७०० भागिले ४ मिमीचा आयपीस (डोळा लावतो ते बारकं भिंग) म्हणजे १७५, त्यावर ३ पट बार्लो (आयपीसच्या आधी लावायचं, आणखी मोठं करणारं जादा भिंग). गणित बरोबर आहे पण ७० मिमीच्या लेन्समधून प्रकाशच मोजका येतो आणि तो एवढा ताणला की गुरूचा नुसता अंधुक गोळा होतो. लेन्स जेवढी मिमी त्याच्या दुप्पट, म्हणजे इथे १४० पट, त्यापुढे काही नवीन दिसत नाही. बार्लो मी पहिल्या आठवड्यातच बाजूला ठेवला.

खरी मजा २५ आणि १० च्या आयपीसमध्ये, म्हणजे २८ आणि ७० पट. २८ ला गुरूचे चार चंद्र ओळीत, ७० ला त्याच्यावरचे दोन पट्टे, आणि अष्टमीच्या चंद्रावर खड्ड्यांच्या सावल्या इतक्या काळ्याभोर की आई आयपीसवरून उठायलाच तयार नव्हती. २०२५ मध्ये शनी बघून मात्र हिरमुसला असाल तर, त्या मार्चमध्ये त्याची कडी आपल्याकडे कडेने वळली होती म्हणून तेव्हा बारीक रेघच दिसत होती, त्यात दुर्बिणीचा दोष नव्हता.

लेन्स साइज म्हणजे काय ते मला अंजनेरीला कळलं. मित्राची १३० मिमीची आरशाची दुर्बीण आहे, फोकल लेंथ ६५०. दोघांनी २५ चाच आयपीस लावला, त्याची २६ पट माझी २८, म्हणजे मोठं करण्यात मीच किंचित पुढे! पण मृगातला तेजोमेघ माझ्यात धुराचा पुंजका आणि त्याच्यात चक्क पंख पसरलेले, कारण त्याच्याकडे प्रकाश साडेतीन पट. तेजोमेघ, दीर्घिका बघायच्या असतील तर थोडे पैसे साठवा आणि १३० च घ्या. फक्त आरसे अधूनमधून जुळवावे लागतात, आणि ती काय अ‍ॅक्टिव्हावर नेता येत नाही, माझी सॅकमधून जाते.

ट्रायपॉड मात्र एकदम हलका, फोकस करायला हात लावला की चंद्र नाचतो. मी मधल्या ट्रेखाली दोन किलो वाळूची पिशवी टांगलीय, तेव्हापासून बराच शांत आहे.