फाटला एक टायर, बिल चारचं

कोल्हापुरात तावडे हॉटेलच्या पुढं हायवेला उसाच्या ट्रॉलीतून गळलेला बोल्ट लागतो आणि मागच्या उजव्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, फाटते. गाडी इलेक्ट्रिक, दोन मोटरची: एक पुढच्या चाकांना, एक मागच्या. दुकानात पाय ठेवताच ऐकू येतं, "भावा, ऑल-व्हील हाय. एक बदलून जमत न्हाई, मोटर जळंल. चारी घाल." घाबरलेला माणूस चारचे पैसे मोजतो. तीन धडधाकट टायर 'स्क्रॅप' म्हणून तिथंच राहतात आणि काळं पॉलिश मारून दुसऱ्याच्या गाडीला चढतात.

पंचाईत अशी की दुकानदाराचं बोलणं अर्धं खरं असतं. डिझेलच्या फोर-बाय-फोरमध्ये पुढचा-मागचा ॲक्सल (चाकांच्या जोडीचा दांडा) मधल्या लांब प्रॉपेलर शाफ्टनं जोडलेला असतो, टायर लहानमोठे झाले की ताण मधल्या क्लचवर किंवा ताकद पुढं-मागं वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसवर येतो. दोन मोटरच्या इलेक्ट्रिक गाडीत मधे शाफ्टच नसतो. मोटर जळण्याची भीती तिथून उसनी आणलेली.

पण फरक अगदीच सोडून देण्यासारखाही नाही. २४५/५५ आर१९ साइजचा टायर नवा असताना रबरातली खाच साधारण ८ मिमी खोल. शेजारचा झिजून ५ मिमीवर आला असेल तर व्यासात ६ मिमीचा फरक पडतो, म्हणजे नवा टायर किलोमीटरला साडेतीन फेरे कमी घेतो. कोल्हापूरहून पुण्याला पोचेपर्यंत साडेसातशेच्या वर. तेवढा वेळ त्या ॲक्सलचा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकाला वेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) अखंड फिरत राहतो, आणि चाकांच्या वेगातला हा फरक घसरण रोखणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलला चाक घसरल्यासारखा वाटू शकतो.

म्हणून आधी मोजायचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, व्हर्नियर (मिमी मोजायचं हत्यार) नसलेला फिटर सापडायचा नाही. व्हर्नियरच्या मागच्या काडीनं चारही टायरची खाच आत, मधे, बाहेर अशी तीन ठिकाणी मोजून घ्या. किती फरक चालतो हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. फरक त्याच्या आत असेल तर एकच टायर, जास्त असेल तर त्या ॲक्सलची जोडी. बाकीचे खरोखरच गोटा झाले असतील, तरच चार.

एकच घेतानाही गंडवतात. कंपनी, मॉडेल, साइज तीच हवी, आणि लोड इंडेक्सही, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा. १०३ म्हणजे ८७५ किलो, ९९ म्हणजे ७७५. बॅटरीच्या वजनाच्या गाडीला ते शंभर किलो महागात पडतात. साइडवॉलवरचा चार आकडी कोड वाचा: १४२१ म्हणजे २०२१ च्या चौदाव्या आठवड्यातला माल. मूळ टायरमध्ये आवाज दाबणारा फोम असेल तर नवा रिमवर चढण्याआधी आत हात घालून बघा. भाव फोमवाल्याचा लावून साधा बसवला, तर एकदा चढल्यावर बाहेरून काहीच कळत नाही. हवेच्या दाबाचा सेन्सर जुनाच परत बसला ना, तेही समोर उभं राहून बघा. आणि जॅक ठरलेल्या पॉइंटलाच. बॅटरीच्या पत्र्याला लावला तर टायरचं बिल किरकोळ वाटेल.

टायरचा तो चार आकडी कोड लिहिलेलं जीएसटी बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या नव्या टायरवर जीएसटी १८ टक्के आहे. कुणी अजून २८ लावत असेल तर तिथंच थांबवा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथं ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही.

चार बदलायची वेळ आलीच, तर काढलेले टायर सोडू नका. डिकीत मावत नसतील तर मागची सीट पाडा.