लूपमध्ये यादी वाढवताना: प्लस की अपेंड?

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या सूचनांच्या, प्रत्येक फेरीत यादी वाढवायची असेल, तर नवशिक्यापुढे तीन वाटा असतात: प्लसने (+) दुसरी यादी जोडून बेरजेला पुन्हा तेच नाव देणे, प्लस-इक्वल (+=) वापरणे, किंवा अपेंड आणि एक्स्टेंड या मेथड्सचा, म्हणजे यादीसोबत मिळणाऱ्या तयार क्रियांचा, आधार घेणे.

पहिल्या वाटेत दर फेरीला नवी यादी तयार होते आणि जुने सर्व घटक तिच्यात पुन्हा उतरवले जातात. एकेक घटक जोडत १,००० फेऱ्या केल्या, तर ही नक्कल सुमारे ५ लाख घटकांवर जाते. अर्थात माझ्या शे-दोनशे नोंदींच्या कामात हा संथपणा मला कधी जाणवला नाही.

प्लस-इक्वल त्याच यादीत भर घालते आणि लिहायलाही आटोपशीर असल्यामुळे सुरुवातीला मी तेच वापरत असे. ऐरोली ते ठाणे अशी माझी रोजची ये-जा असल्याने सरावासाठी मी ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्गावरील स्थानकांची यादी करायला घेतली आणि एका ठिकाणी नावाभोवती यादीचे चौकटी कंस द्यायचे विसरलो. पायथनने चकार शब्द काढला नाही. ‘ऐरोली’ या स्ट्रिंगचे, म्हणजे मजकुराचे, त्याने ऐ, र, ओकाराची मात्रा, ल आणि ईकाराची मात्रा असे पाच तुकडे करून यादीत भरले, आणि मोजणीत चार स्थानके जास्त निघाली. हा घोळ उमगेपर्यंत माझी अख्खी संध्याकाळ गेली. साध्या प्लसने मात्र तिथेच टाइप एरर, म्हणजे प्रकार जुळत नसल्याची चूक, दिली असती, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

एक्स्टेंडही स्ट्रिंगचे असेच तुकडे करते. म्हणून पूर्ण यादी जोडायची असेल तेव्हाच मी ते लिहितो, आणि एकेका घटकासाठी अपेंड. अपेंडला स्ट्रिंग द्या किंवा यादी द्या, ते तिला एकच घटक मानते. त्याचीही एक अडचण आहे: ते काहीच परत देत नसल्याने त्याचे उत्तर यादीच्या नावात साठवले, की यादीच्या जागी ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, येऊन बसते. ही चूक मीही केली आहे, परंतु पुढच्याच फेरीला प्रोग्राम बंद पडत असल्याने ती शोधावी लागली नाही. ज्यांच्या याद्यांत केवळ आकडे आहेत, त्यांना कदाचित प्लस-इक्वलही पुरेल, कारण आकड्याभोवतीचा कंस विसरला तर पायथन ते लगेच सांगतो.