गाडीची पुढची काच पॉलिश केली आणि घोडबंदर रोडवरचे प्रकाशाचे खांब गायब! (५ पैकी ४)

आधी माझा पोपट कसा झाला ते सांगते, नाहीतर दुकानाचं कौतुक का करतेय ते कळणार नाही. ऑफिस ऐरोलीला, घर कासारवडवलीला, सेकंड शिफ्ट सुटून माजिवड्याला येईपर्यंत साडेअकरा होतात. डिसेंबरच्या शेवटी एका रात्री बघते तर रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्यावर उजेडाचा खांब! पिवळ्या दिव्यावर पिवळा, सिग्नलवर लाल, पार आभाळात गेलेला. कापूरबावडीच्या सिग्नलला गाडी थांबली तसा फोटो काढला आणि भाच्याला पाठवला. तो बारावी सायन्सला, त्याने लगेच फिनलंडचे तसलेच फोटो टाकले, "मावशी हे लाइट पिलर, हवेत बर्फाचे कण असले की दिसतात". झालं, मी तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकून मोकळी, "ठाण्यात दुर्मिळ नजारा" असं वर लिहून. बाहेर तेव्हा १७ डिग्री होतं, मग बर्फ कुठून आला हे मला, भाच्याला, ग्रुपवर अंगठे देणाऱ्या कोणालाच सुचलं नाही.

आता दुकान. वागळे इस्टेटमध्ये आहे, नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारही आहे. मी गेले होते ते समोरच्या गाड्यांचे हाय बीम डोळ्यांवर फुटतात आणि वायपर कुईंकुईं करतो म्हणून. काम करणारे दादा काच बघत होते तेवढ्यात मी हौसेने तो फोटो दाखवला. त्यांनी झूम केला आणि म्हणाले, "मॅडम, मधले खांब सरळ आहेत, पण कडेचे तिरके आहेत की. आणि सगळे खाली एकाच जागी चाललेत बघा, वायपर फिरतो ना त्या नटाकडे."

मला पटेना. मग त्यांनी अर्धं शटर ओढून अंधार केला, मला ड्रायव्हर सीटवर बसवलं आणि स्वतः लांब भिंतीपाशी मोबाइलचा टॉर्च धरून उभे राहिले. उभा खांब! "आता डोकं खिडकीतून बाहेर काढून बघा." नुसता टॉर्च. इतकी लाज वाटली म्हणून सांगू.

कारण एकदम साधं आहे. घोडबंदरला मेट्रोच्या कामाची धूळ काचेवर बसते, आपण पाणी न मारता वायपर फिरवतो, ती धूळ पॉलिश पेपरसारखी घासते आणि काचेवर केसासारख्या बारीक रेघा पडतात. उजेड अशा रेघांना काटकोनात पसरतो. डोळ्यांसमोर वायपरच्या रेघा आडव्या, म्हणून उजेड उभा ताणला जातो.

खरे खांब वेगळेच असतात, ते रात्री भाच्याने (आता जरा नरमलेला) नीट वाचून सांगितलं. कडाक्याच्या थंडीत, म्हणजे उणे १०, उणे २० वगैरे, वारा पडलेला असताना जमिनीलगतच्या हवेत बर्फाचे चपटे षटकोनी कण तरंगतात. ते ताटल्यांसारखे आडवे होऊन हळूहळू खाली येतात आणि प्रत्येकाच्या खालच्या बाजूवरून दिव्याचा उजेड आरशासारखा आपल्याकडे येतो. गंमत म्हणजे दिव्याच्या डोक्यावर खांब असा काही नसतोच, ते कण साधारण दिवा आणि आपण यांच्या मध्ये कुठेतरी असतात. आणि ते खांब सगळे ओळंब्यात, एकही तिरका नाही. माझ्या फोटोत तिथेच घोटाळा होता. अर्थात सूर्याचा खांब ठाण्यातूनही दिसू शकतो बरं का, कारण खूप उंचावरचे पिसांसारखे ढग आपल्याकडेही बर्फाचेच असतात. फक्त सूर्य अगदी क्षितिजाला टेकलेला हवा, त्यामुळे उपवन तलावावर जाऊन उपयोग नाही, येऊरचे डोंगर आडवे येतात.

कामाबद्दल म्हणाल तर काम एक नंबर. सिरियम ऑक्साइडची पावडर पाण्यात कालवून फेल्टच्या पॅडने मशीनवर घासतात, दर मिनिटाला पाण्याचा फवारा कारण काच तापली तर तडकू शकते. आधी सगळीकडे नख फिरवून बघितलं. नख अडकलं ती रेघ जाणार नाही असं तोंडावर सांगितलं, जबरदस्तीने घासली तर काच तिथे खोलगट होते आणि त्यातून रस्ता लाटेसारखा हलताना दिसतो म्हणे. नवीन काच बसवा म्हणून गळ्यात मारता आली असती, नाही मारली, हे मला फार आवडलं.

एक स्टार कापला त्याची कारणं. दोन तास सांगून साडेचार तास बसवलं, बसायला एक डुगडुगती खुर्ची. पॉलिशचे १८०० ठरले होते, बिल आलं २४५०, तर म्हणे वायपरचे ब्लेड बदललेत. अहो बदलायलाच हवे होते, पण विचारा तरी! आणि ती पावडर बॉनेटच्या वरच्या जाळीत वाळून बसली होती, रविवारी जुन्या टूथब्रशने मी काढली.

त्या रात्री घोडबंदरवरून गेले तर दिवे नुसते दिवे, काच आहे की नाही कळत नव्हतं. डाव्या कोपऱ्यात नख अडकणारी एक रेघ राहिलीय, लाल सिग्नलला तिथून अजून एक बारीकसा खांब निघतो.

ग्रुपवरची पोस्ट डिलीट करणार होते, पण खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ती आधीच अमेरिकेत, बर्फाळ मिनेसोटाला, मुलाकडे पाठवली. तो काय म्हणाला ते काकू सांगत नाहीयेत, नुसत्या लिफ्टमध्ये बघून हसतात.