यूबी-१ पाणबुडी: रेल्वेने नेता येते, पण प्रवाहापुढे हतबल

पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मन नौदलाने यूबी-१ या छोट्या पाणबुड्यांच्या वर्गाची मागणी नोंदवली आणि जानेवारी १९१५ मध्ये वर्गातली पहिली पाणबुडी पाण्यात उतरलीसुद्धा. इतक्या घाईत बांधलेल्या वर्गाने युद्धात जे करून दाखवले, ते थक्क करणारे आहे. मात्र जागा चुकली की याच पाणबुडीत १४ माणसांचा जीव टांगणीला लागतो.

खरी कल्पकता आकारात आहे. लांबी सुमारे २८ मीटर, रुंदी ३.१५ मीटर, पाण्यावर विस्थापन (बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन) १२७ टन. त्यामुळे कील किंवा ब्रेमेनमध्ये बांधलेले सुटे भाग रेल्वेने अँटवर्पला किंवा एड्रियाटिकवरच्या पोला या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बंदरात न्यायचे आणि तिथे जोडायचे. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या जिब्राल्टरमधून जाण्याचा धोका टळतो.

याची किंमत इंजिनात मोजावी लागते. ६० अश्वशक्तीचे एकच डिझेल, १२० अश्वशक्तीची एकच विजेची मोटर, पंखा फिरवणारा एकच शाफ्ट. पाण्यावर वेग साडेसहा ते साडेसात नॉट (तासाला सागरी मैल). पाण्याखाली बॅटरीवर ४ नॉटने जेमतेम ४५ सागरी मैल. डोव्हरच्या सामुद्रधुनीत प्रवाहाला जोर चढला की पाणबुडी पुढे सरकतच नाही. त्यात समुद्रावर डिझेल बंद पडले, तर बॅटरी भरायला दुसरे साधन नाही.

नाकाशी टॉर्पेडो सोडायच्या ४५ सेंटिमीटरच्या दोन नळ्या, टॉर्पेडोही दोनच. टॉर्पेडो सुटताच पुढचे सुमारे पाऊण टन वजन एकदम कमी होते आणि नाक वर उसळते. भरपाईच्या टाकीत पाणी घेऊन तोल लगेच सावरत नाही, म्हणून हाताशी असतील तेवढ्या माणसांनी पुढे धाव घ्यायची. डेकवर तोफ नाही, फक्त मशीनगन. मासेमारीची नौका बुडवायची तरी तिच्या अगदी जवळ जावे लागते. १५ ऑगस्ट १९१५ रोजी याच वर्गातली यूबी-४ अशीच ‘इन्व्हर्लायन’ या शिडाच्या नौकेजवळ गेली. त्या नौकेवर ब्रिटिशांनी तोफ लपवली होती. पाणबुडीतले कोणीही वाचले नाही.

तरीही याच वर्गातल्या यूबी-१४ ची कामगिरी पाहावी. तिचा कप्तान हाइनो फॉन हाइमबुर्ग याने ७ जुलै १९१५ रोजी व्हेनिसजवळ ‘अमाल्फी’ ही इटालियन चिलखती क्रूझर बुडवली. जर्मनी तेव्हा इटलीशी युद्धात नव्हता, म्हणून निशाण ऑस्ट्रिया-हंगेरीचे. १३ ऑगस्टला एजियन समुद्रात ‘रॉयल एडवर्ड’ हे सैनिकवाहू जहाज गेले. नोव्हेंबरमधली शिकार सर्वांत नेटकी. ‘तुर्कुआज’ ही फ्रेंच पाणबुडी तुर्कांच्या हाती लागली, तिच्यातल्या कागदांवरून ब्रिटिश पाणबुडी ई-२० शी ठरलेल्या भेटीची जागा कळली आणि मार्मारा समुद्रात त्याच जागी यूबी-१४ ने ई-२० ला गाठून बुडवले. पाठलाग करायची गरजच पडली नाही. सावज कुठे येणार हे ठाऊक असेल, तर सहा नॉट पुरतात.

म्हणून हा वर्ग अरुंद वाटांवर, तळाजवळ, दबा धरून बसायला घ्यावा. बेल्जियमच्या किनाऱ्यावरच्या फ्लँडर्समधून इंग्लिश खाडीत गस्त घालायची असेल, तर यूबी-२ या पुढच्या, मोठ्या वर्गाची वाट पाहणे शहाणपणाचे: २६३ टन, दोन इंजिने, दोन शाफ्ट, ५० सेंटिमीटरच्या नळ्या आणि डेकवर तोफ.