ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट, सहा महिन्यांनंतर: वाचन सोपं झालं, 'ऑन' अडलं

ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट म्हणजे इंग्रजी शैक्षणिक लिखाणात वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी. तिची रोज दहा शब्दकार्डं सहा महिने घोटून झाल्यावरही तपासून परत आलेल्या मसुद्यात 'एम्फसाइझ ऑन' तीन ठिकाणी लाल होतं, म्हणून हा अनुभव. ५७० शब्दकुळं (एका शब्दाची सगळी रूपं मिळून एक कूळ), जास्त वापराकडून कमी वापराकडे लावलेल्या दहा उपयाद्या, पहिल्या नऊ साठ-साठच्या आणि शेवटची तीसची, हे वापरणाऱ्यांना ठाऊक असतंच.

वाचनासाठी यादी उत्तम, आणि एक पैसाही लागत नाही. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ती प्रसिद्ध केली. कला, वाणिज्य, कायदा, विज्ञान या चार शाखांतला ३५ लाख शब्दांचा मजकूर त्यासाठी तपासला होता, आणि त्यातला सुमारे १० टक्के भाग याच कुळांनी व्यापला होता. पहिल्या तीन उपयाद्या पक्क्या झाल्या की फरक लगेच जाणवतो.

तक्रार एकच आहे, पण लिहिताना तीच पानोपानी आडवी येते. यादी क्रियापद आणि नाम एकाच कुळात ठेवते आणि शब्दानंतर काय येतं ते सांगत नाही. 'एम्फसिस' या नामाला 'ऑन' लागतं. 'एम्फसाइझ' या क्रियापदाला लागत नाही, त्याचं कर्म थेट येतं. 'इम्पॅक्ट ऑन' हे नाम ठीक, 'अफेक्ट' या क्रियापदापुढे मात्र 'ऑन' नको. 'इन्व्हेस्टिगेशन इन्टू' बरोबर, 'इन्व्हेस्टिगेट इन्टू' चूक. नाम असेल तर 'ॲक्सेस टू द डेटा', क्रियापद असेल तर नुसतं 'ॲक्सेस द डेटा'. मराठीत आपण एखाद्या गोष्टी'वर' भर देतो, 'वर' परिणाम करतो. तोच 'वर' इंग्रजीत 'ऑन' होऊन क्रियापदाला चिकटतो. कार्डामागे 'भर देणे' असा अर्थ लिहिला की ही चूक रोज नव्याने पाठ होते.

'एव्हिडन्स'चंही तेच. यादीत तो 'एव्हिडंट'च्या कुळात दडलेला आहे आणि त्याचं अनेकवचन होत नाही हे तिथे कुठेच दिसत नाही.

चौथ्या महिन्यापर्यंत मत असं होतं की लिहिण्यासाठी ही यादी कुचकामी आहे. ते बदललं. दोष बराचसा कार्डांचा निघाला.

आता पद्धत अशी. आपल्याच विषयातले वीस शोधनिबंध साध्या मजकुरात काढायचे आणि संदर्भसूची कापायची, नाहीतर शीर्षकांतले शब्द मोजणीत घुसतात. दोन स्तंभांच्या पीडीएफमधून मजकूर काढला की ओळीच्या शेवटी शब्द तुटतात, ते जोडून घ्या. तुटलेला शब्द शोधात सापडत नाही. मग हा मजकूर ॲन्टकॉन्क या शब्द संदर्भासह शोधून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घाला, तेही मोफत आहे. 'एम्फसिस'मधलं शेवटचं 'एस' गाळून तिथे तारका टाकली की नाम, क्रियापद आणि 'झेड'वालं अमेरिकन रूप एकदमच येतं. शोधलेल्या शब्दाच्या उजवीकडच्या पहिल्या आणि दुसऱ्या शब्दावर क्रम लावा. सगळे 'ऑन' एकाखाली एक लागतात आणि ते नामापुढेच आहेत हे डोळ्यांना दिसतं.

त्यातलंच एक वाक्य कार्डावर घ्यायचं आणि गाळलेली जागा दोन शब्दांची ठेवायची: मूळ शब्द आणि त्याला लागून येणारा. मागे मराठी अर्थ लिहायचाच नाही. नाम आणि क्रियापदाची कार्डं वेगळी, पण एकाच दिवशी, कारण लक्षात ठेवायचा आहे तो दोघांतला फरक. दिवसाला दहाऐवजी चार कार्डं पुरतात.

आठ ते दहा या उपयाद्या सरसकट करू नका. जे कूळ तुमच्या वीसपैकी तीन निबंधांतही दिसत नाही, ते सोडा.

आणखी एक. १९५३ च्या जनरल सर्व्हिस लिस्टमधले सुमारे २००० नेहमीचे शब्द ॲकॅडेमिक यादीतून मुद्दाम वगळले आहेत. म्हणून 'डिस्कस' इथे मिळणार नाही, आणि 'डिस्कस अबाउट' तर मसुद्यांत हमखास असतं. ते कार्ड स्वतः बनवा: 'डिस्कस'पुढे थेट कर्म, 'डिस्कशन'पुढे 'ऑफ'.