मेनोपॉज पॅकेज: वर्ष संपत आल्यावरचा अनुभव (आणि ती एफएसएच तपासणी!)

पुण्यातल्या एका मेनोपॉज क्लिनिकचं वार्षिक पॅकेज घेतलं होतं. परवा ‘रिन्यू करा, १५ टक्के सूट’ असा मेसेज आला आणि डोकं सटकलं, म्हणून हे लिहितेय.

डॉक्टरबाई उत्तम, हे आधीच सांगते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी “वयच आहे, योगा करा” म्हणून वाटेला लावलं होतं. रात्री घामाने गाऊन बदलावा लागतोय आणि म्हणे योगा! इथे बीपी, मॅमोग्राफी, सोनोग्राफी, घरात कुणाला कॅन्सर किंवा रक्ताच्या गाठी, सगळं बघून-विचारून मग हार्मोन दिले. दंडाला इस्ट्रोजेनचं जेल, रात्री प्रोजेस्टेरॉन. गर्भाशय शाबूत आहे तोवर ती गोळी चुकवायची नाही, नाहीतर आतलं अस्तर वाढतं, हे दोनदा बजावलं. हार्मोनमुळे स्तनांचा कॅन्सर आणि रक्ताच्या गाठींचा धोका वाढतो असं सांगणाऱ्या २००२ च्या अमेरिकन अभ्यासामुळे मी घाबरले होते. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि हार्मोन पोटातून दिले होते. जेलने गाठींचा धोका तसा वाढत नाही, असं बाईंनी समजावलं. स्तनांच्या कॅन्सरचा थोडा धोका असतो, तेही लपवलं नाही. वाफा गेल्या, झोप लागते. तेव्हा मी पाच तारे दिले असते.

पण एफएसएच! दर तीन महिन्यांनी रक्त काढायचं आणि तीच तपासणी, पाळी थांबत आली की वाढणाऱ्या एका हार्मोनची. पंचेचाळिशीनंतर पाळीचा हिशेब आणि त्रास यावरूनच निदान होतं. या काळात एफएसएच आज एक, महिन्याने भलतंच दाखवतं. डॉक्टरांसाठी उपचारांच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने तर २०१५ पासून सांगितलंय की या वयात निदानासाठी ती करू नका. माझं औषध चालू झाल्यावर तिचा आकडा कुणाला हवाय? बाईंनी एकदाही तो रिपोर्ट उघडला नाही. काउंटरवर विचारलं तर “काकू, पॅकेजमध्ये फ्रीच आहे की!” फ्री कसलं? पॅकेजचे पैसे मीच भरलेत ना? एफएसएच वगळून डेक्सा घाला म्हटलं, हाडांचं तरी कळेल, तर “सिस्टिममध्ये बदलता येत नाही.”

मधे वाटलं, जाऊ दे, गुण आलाय ना. मग पुन्हा दंडात सुई टोचली की चिडचिड. ती तरी मेनोपॉजची नव्हे!

रिन्यू करणार नाही. बाईंकडे सुट्या फीवर जाईन. ती किती, ते आधी विचारून घ्या. काउंटरवरची मुलगी पॅकेजशिवाय दर सांगतच नाही.